टॅप्सी १९, तरी पाय सुजलेले: एकोवर उजवं हृदय मोजताना

शहाद्याला नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या एका फिजिशियन डॉक्टरांनी एक केस पाठवली आहे. धडगावकडची ५८ वर्षांची बाई, जन्म चुलीपुढे गेलेला. चालताना दम लागतो, दोन्ही पाय सुजलेत, मानेची शीर फुगलेली दिसते. लघवीत प्रोटीन नाही, क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन ठीक. बाहेरून आलेल्या एको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्टमध्ये लिहिलंय: ईएफ (डावं व्हेंट्रिकल प्रत्येक ठोक्याला आतलं किती टक्के रक्त फेकतं) ६० टक्के, टॅप्सी १९ मिमी, आरव्हीएसपी (उजव्या व्हेंट्रिकलचा आक्रसतानाचा दाब) ३९, आरव्ही (उजवं व्हेंट्रिकल, उजवीकडचा खालचा कप्पा) फंक्शन नॉर्मल. त्यांचा प्रश्न असा: 'मग सूज कशाची? टॅप्सी, एस प्राइम, एफएसी, स्ट्रेन यातलं कोणाचं खरं धरायचं? माझ्या मशीनवर स्ट्रेन नाही, ते सॉफ्टवेअर घेऊ का?' ही चारही आरव्हीचं आक्रसणं मोजायची मापं. सोबत एकोच्या क्लिप आहेत. शेवटी बावीस वर्षांच्या एका सिकलसेलच्या (लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) मुलाबद्दलही विचारलंय, त्याकडे नंतर येतो.

डॉक्टर, आधी सुजेचं उत्तर. सूज उजव्या हृदयाचीच आहे. रिपोर्टमधला टॅप्सीचा आकडा खोटा नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकलाय. टॅप्सी १९ म्हणजे ट्रायकस्पिड झडपेच्या कड्याचा बाहेरचा कोपरा प्रत्येक ठोक्याला टोकाच्या दिशेने १९ मिमी सरकला, एवढंच. १७ च्या खाली गेला तर तो कमी, हे २०१५ च्या अमेरिकन आणि युरोपीय एको संघटनांच्या संयुक्त शिफारशीत आहे आणि आपण सगळे तेच वापरतो. पण तो एका भिंतीवरच्या एका बिंदूचा प्रवास आहे. तो बिंदू कोणत्या दाबाविरुद्ध सरकला, बाकीची भिंत काय करत होती, रक्त पुढे गेलं की झडपेतून मागे परतलं, यातलं काहीच टॅप्सी सांगत नाही.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मोटार किती पाणी फेकते हे विचारताना पाणी किती फुटांवरून उचलते हे तो आधी विचारतो. तशीच गत आरव्हीची आहे. डावं व्हेंट्रिकल जाड भिंतीचं, १२० च्या दाबाविरुद्ध रोज काम करणारं. आरव्ही पातळ भिंतीचा, डाव्याला चंद्रकोरीसारखा बिलगलेला, फुप्फुसाच्या कमी दाबाच्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलण्याच्या सवयीचा. दाब वाढला की तो लवकर थकतो. म्हणून दाबाशिवाय लिहिलेला टॅप्सी मी अर्धा आकडा समजतो.

आता तुमच्याच रिपोर्टचं गणित करू. टीआरचा, म्हणजे ट्रायकस्पिड झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा, वेग २.९ मीटर प्रति सेकंद धरलाय. चार गुणिले २.९ चा वर्ग म्हणजे ३४. त्यात उजव्या एट्रियमचा (वरच्या कप्प्याचा) दाब ५ मिळवून ३९. हा ५ कुठून आला? आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त उजव्या एट्रियममध्ये आणणारी मोठी शीर) मोजलेलाच दिसत नाही. बऱ्याच रिपोर्टच्या साच्यात ५ किंवा १० आधीच बसवलेला असतो आणि तो तसाच छापून येतो. तुमच्या क्लिपमध्ये आयव्हीसी २४ मिमी आहे आणि बाईंनी नाक ओढल्यावर तो २० पर्यंतच येतो. २१ मिमीपेक्षा मोठा आणि निम्म्यापेक्षा कमी आक्रसणारा आयव्हीसी म्हणजे दाब १५ धरायचा. २१ किंवा त्याहून कमी आणि निम्म्याहून जास्त आक्रसला तर ३, आणि धड इकडेही नाही, तिकडेही नाही, असं असेल तर ८. म्हणजे याच बाईंचा दाब ३४ अधिक १५, झाला ४९.

आणखी एक. टीआरची जी डॉप्लर (रक्ताचा वेग दाखवणारी) रेघ तुम्ही पाठवलीत तिची खालची कड विरलेली आहे, टोक दिसतच नाही. २.९ हा वेग अंदाजाने लावलाय. हाच झोत स्टर्नमशेजारून किंवा बरगड्यांखालून पकडला तर समजा ३.४ सापडला. मग चार गुणिले ३.४ चा वर्ग ४६, अधिक १५, म्हणजे ६१. २०२२ च्या युरोपीय पल्मनरी हायपरटेन्शन (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत वाढलेला दाब) मार्गदर्शिकेत टॅप्सी भागिले सिस्टॉलिक दाब हे गुणोत्तर घेतलंय आणि ०.५५ च्या खाली गेलं तर ते पल्मनरी हायपरटेन्शनच्या बाजूचं लक्षण धरलंय. १९ भागिले ३९ म्हणजे ०.४९. अहो, मूळ रिपोर्टच्या आकड्यांवरच ते खाली आहे! ४९ धरलं तर ०.३९. ६१ निघालं तर ०.३१. टॅप्सी तिन्ही वेळा १९ च.

आता चित्राकडे या. टॅप्सी प्रोबच्या (छातीवर धरायच्या उपकरणाच्या) संदर्भाने मोजला जातो, त्यामुळे अख्खं हृदय डोललं तर ते डोलणंही त्यात मिळतं. बाईंच्या क्लिपमध्ये आरव्हीचं टोकही आत-बाहेर हलतंय. मी दोन फ्रेम थांबवून कड आखली: डायस्टोलच्या (हृदय सैल होऊन भरण्याच्या) शेवटी २८ चौरस सेंमी, सिस्टोलच्या (आक्रसण्याच्या) शेवटी २०. फरक ८, भागिले २८, म्हणजे २९ टक्के. हा एफएसी, म्हणजे आक्रसताना आरव्हीचं क्षेत्रफळ किती टक्के घटलं ते; ३५ च्या खाली म्हणजे कमी. आरव्हीचा पाया (झडपेजवळची रुंदी) ४६ मिमी आहे, ४१ च्या वर मोठा धरतात. एट्रियम २४ चौरस सेंमी, १८ च्या वर मोठं. शिवाय टीआर बराच आहे. टीआर जोराचा असला की आरव्हीला रक्त मागे कमी दाबाच्या एट्रियममध्ये टाकायची सोय होते, त्यामुळे झडपेचं कडं छान उड्या मारतं आणि टॅप्सी चांगला दिसतो. ही चाल ओळखायला शिका. आणि टीआर इतका मोकळा असेल की डॉप्लरची रेघ त्रिकोणी, लवकर टोक गाठणारी दिसते, यकृताच्या शिरेत सिस्टोलमध्ये रक्त उलटं फिरतं, तर त्या वेगावरून दाब काढूच नका, तो कमीच येणार.

मग खरं कोणाचं? तुम्ही विचारलंय तसं एकाचं नाव मी देणार नाही, पण माझा क्रम सांगतो. पहिला डोळा. चित्र धड असेल तर आरव्ही डाव्यापेक्षा मोठा दिसतो का, हृदयाचं टोक दोघांपैकी कोणाचं आहे, मधला पडदा डाव्याकडे चपटा होतो का, हे आकडा लिहायच्या आधी बघा. आडव्या छेदात डावं व्हेंट्रिकल इंग्रजी डी अक्षरासारखं सिस्टोलमध्ये चपटं झालं तर दाबाचा भार, फक्त डायस्टोलमध्ये झालं तर आकारमानाचा, दोन्हीत झालं तर दोन्ही. त्यानंतर टॅप्सी आणि एस प्राइम, दोन्ही. एस प्राइम, म्हणजे तोच कोपरा सरकण्याचा वेग, ९.५ सेंमी प्रति सेकंदाच्या खाली कमी. हे दोन भाऊ एकाच कोपऱ्याचं बोलतात, म्हणून दोघांनी एकच सांगितलं तर दोन साक्षीदार झाले असं समजू नका. तिसरा एफएसी, जो आडव्या आक्रसण्याचंही थोडं बोलतो. हे जुळले नाहीत तर चित्र पुन्हा घ्या, आकड्यांशी भांडत बसू नका.

एस प्राइममध्ये एक चूक मी फार बघतो. टिश्यू डॉप्लरमध्ये (भिंतीच्या हालचालीचा वेग मोजणारा डॉप्लर) सिस्टोलच्या अगदी सुरुवातीला एक टोकदार, अरुंद काटा येतो. झडपा बंद असताना भिंत ताणली जाते त्याचा तो. त्याच्या मागून येणारी रुंद लाट ही खरी एस प्राइम. काटा उंच असेल तर मशीन आणि माणूस दोघेही त्याच्यावर कर्सर ठेवतात आणि कमजोर आरव्ही १२ चा होतो. पडद्यावर रेघ सरकण्याचा वेग १०० मिमी प्रति सेकंदावर टाका, दोन्ही वेगळे दिसतात.

टॅप्सीसाठी एम-मोडची (एकाच रेघेवरची हालचाल दाखवणारी पद्धत) रेघ कड्याच्या हालचालीशी समांतर हवी. फुप्फुसं फुगलेल्या माणसात हृदय उभं आणि खाली सरकलेलं असतं, त्यामुळे नेहमीच्या चार कप्प्यांच्या चित्रात रेघ तिरकी जाते. डावं व्हेंट्रिकल बघायला घेतलेल्या चित्रावर आरव्ही मोजणं हा तर आपल्याकडचा सर्रास प्रकार. प्रोब थोडा बाहेर सरकवा, हलका फिरवा, डाव्याचं टोक चित्राच्या मध्यावर ठेवा आणि आरव्हीचा पाया जास्तीत जास्त रुंद दिसेपर्यंत थांबा. एफएसीची कड आखताना आतले स्नायूंचे धागे आणि मॉडरेटर बँड (आरव्हीतला स्नायूचा पट्टा) पोकळीतच धरायचे, त्यांना वळसा घालत आखायचं नाही. मोकळ्या (डाव्याला न चिकटलेल्या, बाहेरच्या) भिंतीची जाडी बरगड्यांखालून मोजा. ५ मिमीच्या वर म्हणजे हा दाब जुना आहे.

बरगड्यांखालची खिडकी, म्हणजे प्रोब ठेवायची जागा. डॉक्टर, आपल्या भागात हीच खरी. चुलीचा धूर, जिनिंगचा कापूस, बरा झालेला पण फुप्फुसं खराब करून गेलेला टीबी, अशा छातीवर टोकाच्या खिडकीतून धुक्याशिवाय काही मिळत नाही. फुगलेल्या फुप्फुसाने हृदय खाली ढकललेलं असतं, त्याचा फायदा घ्या. पाय गुडघ्यात वाकवायला सांगा, पोट सैल होतं. तिथून आयव्हीसी, भिंतीची जाडी, कधी टीआरही चांगला मिळतो. पेशंट लुगड्यातली बाई असेल तर खोलीत बाई मदतनीस असू द्या आणि चादर घाला. संकोचाने आवळून धरलेल्या पोटातून काही दिसत नाही, आणि आपल्यालाही घाई होते.

आयव्हीसी एट्रियमपासून एक ते दोन सेंमीवर मोजा. आधी आडवा बघून घ्या, नाहीतर श्वासाबरोबर तो रेघेच्या बाजूला सरकतो आणि आक्रसला असं वाटतं. शेजारची महाधमनी आयव्हीसी समजून मोजलेले रिपोर्टही येतात, पण ते जाऊ द्या. 'जोरात श्वास घ्या' म्हटलं तर पेशंट छाती फुगवून बसतो. त्याऐवजी 'सर्दी झाल्यावर नाक वर ओढतो तसं ओढा' म्हणा, आणि भाषा कळत नसेल तर स्वतः ओढून दाखवा, लगेच जमतं. आणि आयव्हीसी कधी बघितला तेही लिहा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर असताना दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाचा आयव्हीसी चिपाड झालेला असतो. गावातल्या डॉक्टरने दोन बाटल्या सलाईन चढवून पाठवलेल्याचा फुगलेला. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला वरचा २१ चा हिशोब लावूच नका.

टीआरची रेघ पुसट असेल तर एक स्वस्त उपाय आहे. ९ मिली सलाईन, १ मिली हवा, दोन सिरिंज आणि थ्री-वे (तीन तोंडांची तोटी). पुढे-मागे खळबळवून फेसाळ करा आणि हाताच्या शिरेतून झटकन द्या. बुडबुड्यांमुळे रेघेची कड ठळक होते. हृदयात उजवीकडून डावीकडे वाट असल्याचं माहीत असेल तर करू नका. आणि रेघ नाहीच मिळाली तर 'दाब सामान्य' असं लिहू नका, 'मोजता आला नाही' लिहा. मग पल्मनरी धमनीतला प्रवाह बघा: वेग टोकाला पोचायला १०५ मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल किंवा रेघेत मधेच खाच असेल तर दाब वाढलेला असण्याची शक्यता धरा. पल्मनरी झडपेवरही डॉप्लर ठेवून बघा. ती अरुंद असेल तर आरव्हीचा दाब म्हणजे फुप्फुसाचा दाब हे समीकरणच मोडतं.

तातडीच्या केसमध्ये हा सगळा सोपस्कार करत बसायचं नाही. बाळंतपणानंतर किंवा मांडीचं हाड मोडून पडलेला पेशंट अचानक धापा टाकत आला, आरव्ही फुगलेला, मोकळ्या भिंतीचा मधला भाग ढिम्म आणि टोक मात्र उड्या मारतंय, तर फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली असं धरून सीटीला धाडा. १९९६ मध्ये मॅकॉनेल आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेलं हे चिन्ह आहे. उजव्या भागाच्या इन्फार्क्शनमध्येही (हार्ट अटॅकमध्येही) असंच दिसू शकतं, म्हणून ईसीजीत उजव्या बाजूची व्ही-४ लीड घ्यायला विसरू नका, आणि तसं असेल तर नायट्रेट हातात धरू नका. दाबाची कधी सवय नसलेला आरव्ही अचानक फार दाब निर्माण करूच शकत नाही. त्यामुळे टीआरचा ग्रेडियंट (वेगावरून काढलेला दाबातला फरक) ६० च्या आत आणि पल्मनरी धमनीतला वेग टोकाला पोचायचा वेळ ६० मिलिसेकंदांच्या आत, ही जोडी ताज्या गाठीची. ग्रेडियंट ८० आणि भिंत ७ मिमी दिसली तर दुखणं आज सुरू झालेलं नाही, भले पेशंट 'कालपासून' म्हणो.

दुसरी एक जागा, जिथे टॅप्सी उलटा फसवतो. ऱ्हुमॅटिक आजाराने खराब झालेल्या मायट्रल झडपेचं ऑपरेशन करून आलेल्या तरुण बाया आपल्याकडे पुष्कळ. पेरिकार्डियम (हृदयावरचं आवरण) उघडल्यावर टॅप्सी आणि एस प्राइम खाली येतात आणि तसेच राहतात, एकंदर आरव्ही मात्र ठीक असू शकतो. लांबीत आक्रसणं कमी होतं, आडवं आक्रसणं ते भरून काढतं. अशा बाईला टॅप्सी १३ बघून 'आरव्ही फेल' सांगून घाबरवू नका. तिथे एफएसी घ्या.

आता सिकलसेलचा मुलगा. टीआरचा वेग २.६, टॅप्सी २३, हिमोग्लोबिन ७.५. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्तीत असे पेशंट तुम्हाला आयुष्यभर भेटणार, म्हणून थोडं नीट सांगतो. सिकलसेलमध्ये २.५ आणि त्यावरचा वेग असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं, हे २००४ च्या अमेरिकन अभ्यासापासून माहीत आहे. म्हणून २.६ कडे दुर्लक्ष नको. पण त्यावरून 'पल्मनरी हायपरटेन्शन' असं नावही देऊ नका. रक्त पातळ, हृदय भरभर रक्त फेकतंय, त्यामुळेही वेग वाढतो. उजव्या हृदयात कॅथेटर (नळी) टाकून तपासलं की खरा आजार यातल्या थोड्यांमध्येच निघतो. शिवाय अंगदुखीच्या क्रायसिसमध्ये वेग चढतो. त्याचा एको क्रायसिसमध्ये झाला असेल तर तो शांत असताना, निदान काही आठवड्यांनी, पुन्हा करा. टॅप्सी २३ हे इतक्या अॅनिमियात अपेक्षितच आहे. उलट अशाच एखाद्याचा १७ आला तर, छापील मर्यादेत असूनही, मी त्याला कमी म्हणेन. ऑक्सिजन, चालल्यावरचा दम आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) बघा. वेग २.८ च्या पुढे गेला किंवा दम वाढला तर पुढे पाठवा.

स्ट्रेनचं विचारलंत. मोकळ्या भिंतीचा स्ट्रेन (आक्रसताना ती लांबीत किती टक्के आखडते ते) चांगला आहे, यात वाद नाही. २० टक्क्यांहून कमी आक्रसणं हे साधारण कमी धरतात आणि टॅप्सी ठीक असतानाही तो कधी कधी आधी ओरडतो. पण पुष्कळ मशीनवर तो डाव्या बाजूसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरनेच काढला जातो, दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्याला चित्र स्वच्छ लागतं. तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या छात्यांवर ते मिळणार नाही. आरव्हीच्या ३डी ईएफचंही तेच: ४५ टक्क्यांच्या खाली कमी, पण चित्र मिळालं तर. तूर्त पैसे घालू नका.

धडगावच्या बाईंचं पुढे असं करा. आज ऑक्सिजन बघा, बसून आणि चालून. मीठ कमी करा, फ्युरोसेमाइड (लघवी वाढवून सूज उतरवणारं औषध) सुरू करा, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) करून घ्या, छातीचा सीटी करा आणि थुंकी तपासा. फुप्फुसातल्या रक्ताच्या जुन्या गाठींमुळे दाब वाढला असेल तर तो वेगळ्या उपचारांचा आजार आहे, त्यासाठीचा व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) नाशिकला किंवा मुंबईला करावा लागेल, ते कुटुंबाशी आत्ताच बोलून ठेवा. दाब वाढलेला दिसला म्हणून सिल्डेनाफिल (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) लिहू नका. धुराने खराब झालेल्या फुप्फुसात ते हवा न पोचणाऱ्या भागाकडेही रक्त वळवतं आणि ऑक्सिजन आणखी खाली येऊ शकतो. चूल बंद होणं कठीण आहे हे मला कळतं, पण निदान स्वयंपाक सुनेकडे जाऊ द्या आणि सुनेसाठी चूल पडवीत न्या.

सूज उतरली की साधारण दोन आठवड्यांनी त्याच मशीनवर पुन्हा एको करा. रिपोर्टच्या डोक्यावर वजन, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन लिहा. आयव्हीसी मोजून दाब लिहा, साच्यातला ५ खोडून टाका. क्लिप मला पाठवाल तेव्हा टीआरचा डॉप्लर बरगड्यांखालून घेतलेलाही पाठवा. तो ३.४ निघतो की ३.८, यावर कॅथेटरला कधी पाठवायचं ते ठरवू.